कोणती गुळवेल?

2020 सालच्या श्रावणात आमच्या आबांचे डोळे पिवळे झाले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वय सत्तरीच्या पुढचे, गळ्यात माळ, आयुष्यात दारूचा थेंब नाही. त्या उन्हाळ्यापासून ते रोज सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा घेत होते. टाळेबंदीचे दिवस होते. बोदवडातल्या घराघरांतून तेव्हा हेच चालले होते: गॅसवर एक पातेले, आणि त्यात ज्याला जे सुचेल ते. आबांना आम्ही शहरातल्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण होते आणि भले होते. त्यांनी जुन्या गोळ्यांची चौकशी केली, खाण्यापिण्याची केली, आणि मग विचारले, "काढ्यात काय घालत होता?" मी म्हणालो, "गुळवेल." ते म्हणाले, "कोणती गुळवेल?"

मी मास्तर आहे. वीस वर्षे मुलांना प्रश्न विचारीत आलो. पण इतक्या साध्या प्रश्नापुढे मी असा गप्प कधी झालो नव्हतो. कारण ती वेल मीच आणली होती. एरवी आठवडे बाजारात रानातली एक म्हातारी गुळवेलीच्या जुड्या घेऊन बसे. टाळेबंदीत बाजार बंद, म्हातारी येईना. मग मी शिरसाळ्याच्या वाटेवरच्या एका बांधावरून वेल कापून आणली. पान हृदयाच्या आकाराचे होते आणि वेल निंबावर चढलेली होती. तेवढ्यावर मी समाधान मानले. डॉक्टरांनी काढा बंद करविला. दोन महिन्यांनी आबा बरे झाले, आजही आहेत. मी पुन्हा त्या बांधावर गेलो तेव्हा शेतकऱ्याने बांध साफ करून सारे पेटवून दिलेले होते. आबांच्या पोटात कोणती वेल गेली, हे त्या राखेबरोबर गेले.

हे घरगुती दुःख मी दिवाळी अंकात उगाळायला बसलेलो नाही. त्या एका प्रश्नाने मला तीन प्रकारच्या लोकांशी भांडायला लावले, आणि ते भांडण मला आज वाचकांपुढे मांडायचे आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वैद्य मी नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हे. पण ज्याच्या हातून चूक घडली त्याला बोलण्याचा अधिकार असतो, एवढाच माझा अधिकार.

प्रथम वस्तुस्थिती. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सगळे गुळवेल घेणारे होते. 2021 साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, रुग्णांनी नेमकी कोणती घेतली ते तपासलेले नाही. शास्त्रात आपल्या गुळवेलीचे नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची एक बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या जून खोडावर ठळक गाठी उठतात. दुसरी बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस. तिच्या पानाला खालून लव असते. तिघींची पाने हृदयाच्या आकाराची. खरी गुळवेलसुद्धा काहींच्या यकृताला बाधते, असेही डॉक्टरांचे म्हणणे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तो वाद जाणत्यांनी सोडवावा. मला त्यातली एकच गोष्ट खुपते. सारा देश महिनोन्‌महिने एक वेल उकळून प्याला, आणि माणसे आजारी पडल्यावर प्रश्न निघाला, कोणती वेल? हा प्रश्न पातेले चुलीवर ठेवण्याआधी का निघाला नाही?

वैद्यकीत औषधाच्या कृतीला 'पाठ' म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, पाठ म्हणजे ठरलेला, अक्षर न्‌ अक्षर सारखा. श्लोक तसा असतो. पण श्लोकातली वनस्पती तशी नसते. महाराष्ट्रात आपण ब्राह्मी म्हणून जिची गोल पाने ओळखतो ती शास्त्राच्या भाषेत सेंटेला; बंगालचा वैद्य तिला मंडूकपर्णी म्हणेल आणि ब्राह्मी म्हणून पाणथळ जागेतली बारीक मांसल पानांची बाकोपा हाती देईल. आपण त्या वनस्पतीला नीरब्राह्मी किंवा जलनेवरी म्हणतो. शंखपुष्पी मागितली तर उत्तरेत एक झाड मिळते, दक्षिणेत विष्णुक्रांता मिळते, केरळात गोकर्ण मिळते आणि बंगालात चौथेच काही. रास्ना म्हणून केरळात कोळिंजनाच्या जातीचा कंद वापरतात, बंगालात झाडावर वाढणारे बांडगुळासारखे वांदा नावाचे आमर वापरतात, आणि उत्तरेत प्लुचिया नावाच्या झुडपाची पाने. तापाच्या काढ्यातला पित्तपापडा उत्तरेत शाहतरा असतो, केरळात दुसरे एक रोपटे असते, आणि आपल्या घाटावर आणखी निराळे. त्याला आपण घाटी पित्तपापडा म्हणतो. पाठ एक, श्लोक एक, नाव एक. औषधे मात्र चार.

असे का झाले? जुन्या ग्रंथांनी वनस्पतीचे चित्र दिले नाही. दिले पर्याय शब्द. पानावरून एक नाव, फुलावरून एक, गुणावरून एक. काश्मीरच्या वैद्याने तो श्लोक वाचला आणि आपल्या रानात बघितले. कोकणच्या वैद्याने वाचला आणि आपल्या रानात बघितले. दोघांनीही आपल्या रोग्याला जवळचे, ताजे आणि अनुभवाने गुण देणारे दिले. ग्रंथकारांनाही हे ठाऊक होते. अष्टवर्गातल्या हिमालयी वनस्पती मिळेनाशा झाल्या तेव्हा भावप्रकाशाने त्यांचे प्रतिनिधी सांगून टाकले: मेदा-महामेदांच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकांच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींच्या जागी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धींच्या जागी वाराहीकंद. आज च्यवनप्राशाची बरणी उघडून जे आपण चाटतो त्याच्या पाठीमागे हा कबूल केलेला बदल उभा आहे. कबूल केलेला, हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आणि हे केवळ आपल्याकडे झाले असेही नाही. वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ अकराव्या शतकात रिंचेन झांगपो या पंडिताने तिबेटी भाषेत नेला. तिबेटी वैद्यकाच्या 'ग्यूशी' या मूळ ग्रंथावर त्याची दाट छाया आहे. आपला हिरडा तिथे 'अरुरा' झाला आणि औषधांचा राजा मानला गेला. भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात तो शोभू लागला. पुढे तिबेटी ग्रंथ मंगोलियाच्या मठांत गेले. आता गवताळ, थंड माळावर हिरडा कुठून उगवणार? काही द्रव्ये व्यापाऱ्यांच्या उंटांवरून आली, आणि जी आली नाहीत त्यांच्या जागी भिक्षूंनी तिथलीच झाडे घेतली. नाव बहुधा जुने तिबेटीच राहिले. म्हणजे ल्हासाचा पाठ आणि मंगोलियाच्या माळावरचा पाठ कागदावर एक आणि पुडीत दोन. खानदेशात घडले तेच तिथे घडले. पण तिबेटी लोकांनी एक गोष्ट केली, ती आपण केली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस सांग्ये ग्यात्सो या कारभाऱ्याने ग्यूशीवर भाष्य लिहिले आणि त्याच्या सोबतीला 79 चित्रपट रंगवून घेतले. त्यांत औषधी झाडे काढलेली आहेत. विद्यार्थ्याने नावाबरोबर झाड पाहावे, ही त्यातली दृष्टी. 2010 साली भारत सरकारने सोवा-रिग्पा या तिबेटी पद्धतीला कायद्याने मान्यता दिली, तेव्हा आपल्याकडल्या काही लोकांनी नाके मुरडली. नाके मुरडण्यापूर्वी त्यांनी ते चित्रपट पाहायला हवे होते.

आता माझी भांडणे.

पहिले भांडण 'एकच पाठ'वाल्यांशी. दोन वर्षांमागे तालुक्याच्या एका समारंभात एका विद्वान वक्त्यांनी सांगितले की, खेड्यापाड्यांतली औषधे म्हणजे शास्त्राचा अपभ्रंश होय. प्रमाण पाठ तेवढा खरा. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजविली नाही. 1940 च्या औषध कायद्याला जोडलेल्या यादीतले ग्रंथ हेच शास्त्रोक्त औषधाला आधार. 1978 साली सरकारने आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग काढला, आणि सरकारी ग्रंथांनी प्रत्येक नावापुढे एक शास्त्रीय नाव बसविले. ब्राह्मी म्हणजे बाकोपा, रास्ना म्हणजे प्लुचिया. कारखान्यासाठी हे अत्यंत योग्य झाले, हे मी मोकळेपणाने म्हणतो. बाटलीत काय आहे ते एकदा ठरलेच पाहिजे. पण त्यामुळे माझ्या आईची ब्राह्मी खोटी ठरत नाही. तिची कृती तिच्या गोल पानाची होती आणि त्या पानाचा मान तिला अनुभवाने ठाऊक होता. धोका निराळ्याच जागी आहे. बाटलीवरचा गुण वाचून माणूस परड्यातले पान खुडतो, आणि परड्यातल्या पानाचा अनुभव सांगून बाटली विकत घेतो. नाव एकच असल्यामुळे दोन निराळ्या वस्तूंचे हिशेब एकाच खात्यावर मांडले जातात. प्रमाण ठरविणाऱ्यांनी नाव ठरविले तेव्हाच सांगायला हवे होते, की महाराष्ट्रात या नावाने दुसरे झाड वापरतात, सावध राहा. ते गावोगाव कोणी सांगितले? 2020 साली मंत्रालयाने साऱ्या देशाला एक काढा दिला: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक. त्या चारही वस्तू सर्वांच्या ओळखीच्या होत्या, म्हणून तो काढा निभावला. पण आमच्या लोकांनी त्यात गुळवेल टाकली, अडुळसा टाकला, आणखी काय काय टाकले. पाठाने प्रमाण दिले. ओळख दिली नाही. ती कोणी देत नाही असे दिसताच जो तो आपापल्या बांधाकडे धावला. मीही धावलो.

दुसरे भांडण आमच्याच माणसांशी, गुप्त औषधवाल्यांशी. कावीळ, मूळव्याध, विंचू, साप यांची औषधे देणारी घरे आमच्या भागात गावोगाव आहेत. विचारा, झाड कोणते? उत्तर ठरलेले: "सांगितले की गुण जातो." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आणि आदराने मान डोलवीत आलो. आता डोलवीत नाही. एक उदाहरण देतो. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखे फूल येते ती कळलावी. तिला कोणी खड्यानाग म्हणतात, आणि कोणी बचनागही म्हणतात. वैद्यांचा बचनाग हिमालयातला, अगदी दुसरा. दोन्ही भयंकर विषे, पण विषांची जात वेगळी, शोधनाची रीत वेगळी, मात्रा वेगळी. एका गावात बचनाग म्हणजे हे आणि दुसऱ्या गावात बचनाग म्हणजे ते. वर झाड दाखवायचे नाही. मग कोण्या सुनेने किंवा मुलाने अर्धवट ऐकलेला पाठ करून पाहिला तर गुण जाणार नाही, जीव जाईल.

या मंडळींची भीती मात्र अगदीच खोटी नाही, हेही सांगितले पाहिजे. हळदीने जखम भरते हे आपल्या आजीला ठाऊक असलेले ज्ञान 1995 साली अमेरिकेत पेटंट होऊन बसले होते, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक परिषदेने झगडून 1997 साली ते रद्द करविले. ते रद्द करविता आले, कारण आपल्याजवळ लिहिलेला पुरावा होता. पण सातपुड्यातल्या पावऱ्याच्या किंवा तडव्याच्या जिभेवरच्या औषधाला लिहिलेला पुरावा कोठला? शिवाय 2023 साली जैवविविधता कायद्यात दुरुस्ती होऊन, ग्रंथबद्ध ज्ञान वापरणारांना लाभ वाटून देण्याच्या बंधनातून सूट मिळाली. तेव्हा लिहिले की आपला हक्क गेला, अशी शंका रानातल्या माणसाला आली तर तिला अडाणीपणा म्हणू नये. म्हणून मी त्यांना एवढेच म्हणतो: पाठ लपवायचा तर लपवा, पण झाड लपवू नका. मात्रा, अनुपान, वेळ, हे तुमच्यापाशी राहू द्या. परंतु ज्याला तुम्ही गुळवेल म्हणता ती ही, आणि ही दिसणारी दुसरी ती नव्हे, एवढे तरी उजेडात येऊ द्या.

तिसरे भांडण लेखकांशी, म्हणजे माझ्याशी. आम्ही कथा-कादंबऱ्यांतून आजीचा बटवा इतका गोंजारला आहे, की वाचकाला बटव्याचा वास येतो, पण आतली मुळी दिसत नाही. माझ्या एका कादंबरीत एक म्हातारी वैदूण आहे. ती गुळवेल आणते, काढा करते, आणि नायकाचा ताप उतरतो. समीक्षकांनी त्या प्रकरणाची स्तुती केली. वाचकहो, ते लिहिताना गुळवेलीचे पान खालून गुळगुळीत असते की लवदार, हे मला ठाऊक नव्हते. मी शब्द वापरला होता, वेल नव्हे. आणि त्याच शब्दावर विसंबून पुढे मी आबांसाठी वेल कापली. साहित्यातला आळस साहित्यातच राहतो असे आपण समजतो. तो पातेल्यात उतरतो.

या बाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा दक्ष होते. चरकाने आरंभीच्याच अध्यायात म्हटले आहे की, वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी जाणतात. त्यांच्याकडून ती समजून घ्यावी, आणि मग त्यांच्या योजनेचा विचार वैद्याने करावा. म्हणजे नावाबरोबर रूप हवे, आणि ते रानात जाऊन शिकावे, ही आज्ञा जुनीच आहे. सतराव्या शतकात मलबारात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करविला. 1678 ते 1693 या काळात तो छापला गेला आणि त्यात सातशेहून अधिक वनस्पती चित्रांसह आहेत. त्या कामी इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यही होते. या तिघांनी 1675 साली दिलेले प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, देवनागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या भाषाभगिनीत तिघांनी ज्ञानाची जबाबदारी आपल्या नावानिशी पत्करली. अलीकडे, 1927 साली, डॉ. वामन गणेश देसाई यांनी 'औषधीसंग्रह' मराठीत लिहून शास्त्रीय नावे आणि आपली नावे शेजारी शेजारी बसविली. वाट पडलेली आहे. आपण तिच्यावरून चालत नाही, एवढेच.

आता कोणी म्हणेल, टीका सोपी, उपाय सांगा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांची नोंदवही करायची आहे. त्यात झाडे, त्यांची स्थानिक नावे, त्यांचे उपयोग लिहायचे आहेत. कायदा उत्तम आहे. मी एका गावची वही पाहिली. गाव कोरड्या काळ्या जमिनीचे, पण वहीत डोंगरी ओल्या रानातली झाडे दिमाखाने बसलेली. टेबलाशी बसून दुसऱ्या वहीवरून उतरविलेली. अशी वही नसलेली बरी. नसली तर निदान आपल्याजवळ काही नाही एवढे तरी कळते.

म्हणून मी आमच्या वर्गात एक साधे काम सुरू केले. मुलांना सांगितले, घरी जे पान औषधाला वापरतात त्याची डहाळी, शक्य तर फुलाफळासकट, जुन्या वर्तमानपत्रात दाबून आणा. खाली लिहा: घरात काय म्हणतात, कुठून आणले, कोणत्या महिन्यात, कोणी सांगितले. सांगणाऱ्याला विचारून त्याचे नाव घाला. नको म्हणाला तर घालू नका. औषधाची कृती लिहू नका. पहिल्याच पावसाळ्यात एका वर्गातून 'गुळवेल' या नावाने तीन निराळ्या वेली आल्या. दोन मुले तर एकाच गल्लीतली होती. मी तिन्ही कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावले. त्या दिवशी मुलांना जे कळले ते मला पंचेचाळिशीत कळले होते, आणि तेही दवाखान्याच्या बाकावर. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे ते कागद पाठवून शास्त्रीय नाव लिहवून घेतो. ते येईपर्यंत कागदावर 'अनिश्चित' असे लिहिलेले असते, आणि त्या शब्दाची मला लाज वाटत नाही.

प्रत्येक मुलुखाचा पाठ वेगळा असणे हा दोष नाही. तो त्या मुलुखाच्या मातीचा आणि माणसांच्या निरीक्षणाचा हिशेब आहे. दोष आहे तो, वेगळेपण न सांगता एकच नाव मिरविण्याचा. वेगळेपण पुसणारा वक्ता, वेगळेपण दडविणारा औषधवाला आणि वेगळेपणाकडे न पाहताच त्याची आरती ओवाळणारा लेखक, तिघे मिळून रोग्याला एकाच ठिकाणी नेऊन सोडतात: "कोणती?" या प्रश्नापुढे निरुत्तर.

बाजार पुन्हा सुरू झाल्यावर ती म्हातारी मला दिसली. मी तिच्यापुढे बसलो आणि झालेली हकिकत सांगितली. म्हटले, "मावशी, गुळवेल, गुळवेल सारेच म्हणतात, मग खरी कोणती?" तिने जुडीतले एक पान काढले, उलटे केले, माझा अंगठा धरून त्यावर फिरवला आणि म्हणाली, "नाव काय इचारता गुरुजी, पान पाहा आधी."

आबा आता काढा घेत नाहीत. पण सकाळी चहा घेताना भिंतीकडे बोट करून ते कधी कधी विचारतात, "मास्तर, त्या तिघींतली माझी कोणती?" मी सांगू शकत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी तरी सांगता यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.